शेवटपर्यंत पाहणाऱ्यांसाठी

दौंड,
१२ ऑगस्ट १९९८

प्रिय शंभू,

ग्लॅडिस आंटींच्या कॅसेटी विकल्या जाणार नाहीत, हे काल पक्कं झालं. खुद्द आंटींनीच सांगितलं. पुण्याहून जुन्या सामानाचा एक व्यापारी पेटी उचलायला आला होता. त्याला त्यांनी चहा पाजला आणि तसाच परत पाठवला.

तुला आंटी माहीत नाहीत, म्हणून लिहितो. इथल्या रेल्वे कॉलनीत एकट्या राहतात. यजमान मालगाडीवर गार्ड होते, आता नाहीत. मुलगा जहाजावर होता. तो बंदराबंदरातून भुताखेतांचे जुने सिनेमे कॅसेटवर घेऊन यायचा आणि गार्डसाहेब ड्यूटीवरून आले की तेच लावून बसायचे. एकसष्ट कॅसेटी आहेत. बहुतेक काळ्या-पांढऱ्या, कुठल्या कुठल्या भाषांतल्या, काही तर मुक्याच. आपली प्रतिभा रोज दुपारी आंटींच्या डोळ्यांत औषध घालायला जाते, तिच्यामुळे ओळख झाली. आंटींची अट एकच. एका वेळी एक कॅसेट, आणि दिली तीच परत.

पहिली पाठवतोय, शिरूर गाडीचे कंडक्टर मच्छिंद्रमामा यांच्या हाती. मूळ नाव मला वाचता येत नाही, मी आपलं 'टोपवाला' म्हणतो. एका गावात केसांचे टोप बनवणारा म्हातारा आहे. गरीब पोरींचे केस विकत घेतो आणि लाकडी डोक्यांवर टोप बसवून दुकानात मांडतो. रोज सकाळी ती डोकी वेगळ्या दिशेला वळलेली असतात. कोणी ओरडत नाही, रक्ताचा थेंब नाही. मग एका सकाळी एक टोप ओला निघतो, नुकतं कोणी न्हाल्यासारखा. भीती तिथून सुरू होते. पाऊण तासानंतर दुकानाची घंटा वाजली की ज्यांना झेपत नाही त्यांनी डोळे मिटावेत, हे तुझ्या गिऱ्हाइकांना आधीच सांग. शेवट सांगू नकोस. आणि हाणामारी लागते त्यांना देऊच नकोस. ज्यांना थांबता येतं त्यांच्यासाठीच हा सिनेमा आहे.

प्रतिभा बरी आहे. आत्यांना नमस्कार.

तुझा,
बिरदेव


शिरूर,
२४ ऑगस्ट १९९८

प्रिय बिरदेव,

राम राम. लेका, तू माझी लायब्ररी वाचवलीस. केबल आल्यापासून कॅसेटला कुत्रं विचारत नव्हतं. तुझी 'टोपवाला' मी दुसऱ्या व्हीसीआरवर उतरवून घेतली आणि आंटींची अस्सल परत पाठवली. मिळाली ना?

पहिलं गिऱ्हाईक कोण, तर कांद्याचे आडते सावळाराम. कॅसेट परत करताना म्हणाले, "हात्तिच्या, ह्यात भूत कुठं हाय? नुसती डोकी!" आठ दिवसांनी बघतो तर दाढी वाढलेली. म्हटलं, आप्पा, घरात काही झालं का? तर हळूच म्हणाले, "न्हाव्याच्या खुर्चीत बसवंना रं. आरशात मागं काय दिसंल, नेम न्हाई."

ही गोष्ट बाजारात पसरली आणि रांग लागली. मी आता एक वेगळा कप्पाच केलाय, 'जिगरबाजांसाठी'. तू लिहिलेला मजकूर जसाच्या तसा चिठ्ठीवर उतरवून कॅसेटवर चिकटवतो. लोक आधी चिठ्ठी वाचतात. न्हावऱ्याचे केबलवाले हौसराव परवा दुकानात आले होते. चिठ्ठी उभ्यानं चारदा वाचली आणि म्हणाले, "हे लिवणारं डोस्कं कुणाचं?" म्हटलं, माझ्या मामाच्या पोराचं. फार खूश झाले.

बायकांना मी तो कप्पा दाखवत नाही. उगाच कुणी झीट येऊन पडायची. आपली प्रतिभाच बघ ना. निमोण्याला ओढ्याच्या चिंचेखालून जाताना माझा शर्ट धरायची, आठवतं? तिला असलं काही दाखवू नकोस.

मामा काळजी करतात असं आई सांगत होती. त्यांना म्हणावं, निश्चिंत राहा. प्रतिभाच्या बारशाला आईनं तिच्या पायात वाळे घातले आणि "ही माझी" म्हणाली, ते काय मी विसरलोय का? दुकान जरा मार्गी लागू दे. पुढच्या उन्हाळ्यात बार उडवू.

दुसरी कॅसेट पाठव.

तुझा,
शंभू


दौंड,
१० सप्टेंबर १९९८

प्रिय शंभू,

आडत्यांची दाढी ऐकून आंटी इतक्या हसल्या की डोळ्यांतलं औषध बाहेर आलं. मी त्यांना हिंदीतून सांगितलं. गार्डसाहेबही महिनाभर दाढी ठेवून होते म्हणे.

ही घे 'पाहुणा'. पेटीतली सगळ्यांत जुनी, आणि आंटींची लाडकी. गार्डसाहेबांनी शेवटचा पाहिलेला सिनेमा हाच. म्हणून जपून. तुझ्या मशीनचं डोकं साफ करूनच लाव.

एका मोठ्या घरात संध्याकाळी एक माणूस जेवायला येतो. कोट घालून, टोपी हातात घेऊन. नवऱ्याला वाटतं हा बायकोच्या माहेरचा, बायकोला वाटतं हा सासऱ्यांचा मित्र, सासऱ्यांना वाटतं पोरानं बोलावलंय. विचारायचं कसं, म्हणून कोणीच विचारत नाही. तो राहतो. दुसऱ्या दिवशी टेबलावर एक ताट कमी लागतं, आणि त्याबद्दलही कोणी बोलत नाही. एक मुलगी तेवढी रोज ताटं मोजते. सव्वा तासाचा सिनेमा, त्यात माणसं पन्नास वाक्यंसुद्धा बोलत नसतील. भीती भुताची नाही. सगळे गप्प आहेत, त्याची आहे. झोप येईल असं वाटणाऱ्यांनी जिन्यावरच्या प्रसंगापर्यंत थांबावं. पुढं झोप येणार नाही. आणि शेवटची पाटी आली म्हणून उठू नये. पडद्यावर मुंग्या येईपर्यंत बसावं, कारण पाटीनंतर एक दृश्य आहे. ते बहुतेक लोक चुकवतात. मी कुठलीही कॅसेट तशीच पाहतो, मुंग्या येईपर्यंत.

आता घरचं. मांडवगणचं स्थळ आलं होतं, शाळेत मास्तर आहे. प्रतिभानं नाही म्हटलं. चार वर्षांतलं हे तिसरं. लोक विचारतात की पोरीचं कुठं ठरलंय का, आणि आबा "व्हय, बहिणीच्याच घरी" असं सांगतात. तू उन्हाळा म्हणतोस. मागच्या वर्षीही तू उन्हाळाच म्हणाला होतास. एक महिना सांग. तिला दिवस मोजायला बरं पडेल.

तुझा,
बिरदेव


शिरूर,
६ ऑक्टोबर १९९८

प्रिय बिरदेव,

'पाहुणा' परत पाठवतोय. उशीर झाला, राग मानू नकोस. लोकांना भयंकर आवडला. तहसील कचेरीतल्या एका कारकुनाने घरी आलेल्या साडूला "आपण कोण?" म्हणून विचारलं आणि आता त्यांचं बोलणं बंद आहे.

दसऱ्याला न्हावऱ्यात एवढा वेळ बरोबर होतास, पण सिनेमाचा विषय काढला की तू पाणी मागायचास. पत्रात कसा वाहतोस आणि समोर मुका! हौसराव तुला शाबासकी द्यायला आले तर तू मांडवाच्या मागं गेलास. असो. त्या कार्यक्रमाचं पत्रात लिहू नकोस असं तू बजावलंस, घरात प्रतिभा असते म्हणून. तेव्हा लिहीत नाही. फक्त तुझं कायमच्या नोकरीचं पत्र हातात पडलं की पेढे पाठव.

महिना विचारला होतास, त्याचं आपलं समोरासमोर बोलणं झालंच आहे.

हौसराव डिसेंबरात शिरूरमध्ये स्वतःचा व्हिडिओ चॅनेल सुरू करतायत. दर शुक्रवारी संध्याकाळी एक जुना भुताचा सिनेमा, आधी पडद्यावर तुझी चिठ्ठी. सहा सिनेमे काढून ठेव.

तुझा,
शंभू


दौंड,
१५ ऑक्टोबर १९९८

शंभू,

कॅसेट मिळाली. डबी आंटींची आहे, आतली कॅसेट त्यांची नाही. त्यांच्या कॅसेटवर गार्डसाहेबांनी निळ्या शाईनं तारीख घातली होती. तुझ्या कॅसेटवर निळ्या शाईची नुसती नक्कल आहे.

मी ती लावली आणि नेहमीप्रमाणे मुंग्या येईपर्यंत पाहिली. पाटीनंतरचं दृश्य होतं. त्यानंतर मुंग्या यायला हव्या होत्या. त्या आल्या नाहीत. दुसरंच काही सुरू झालं, वीस-बावीस मिनिटं चाललं. काय ते मी लिहीत नाही. शेवट सांगायचा नाही हा आपला नियम आहे. तूच सांग, तू हा सिनेमा कशावर उतरवलास?

आणि दसऱ्याचं एकदा सगळं नीट लिही. तिथं गडबडीत माझं निम्मं लक्ष नव्हतं. कोणाला काय सांगायचं ठरलं, ते कागदावर असलेलं बरं, नाहीतर माझ्या तोंडून भलतंच जायचं. प्रतिभा आठ दिवस निमोण्याला गेली आहे. मोकळेपणानं लिही.

बिरदेव


शिरूर,
२३ ऑक्टोबर १९९८

प्रिय बिरदेव,

सापडलो बुवा! खरं सांगतो. आंटींची कॅसेट माझ्या मशीनमध्ये अडकली. टेप गुंडाळली, ओढून काढताना तुटली. नशीब, माझ्याकडं तिची कॉपी होती. तीवरून दुसरी काढायला कोरी कॅसेट नव्हती, म्हणून साखरपुड्याची माझ्या वाट्याची कॅसेट घेतली. म्हटलं, सुषमाच्या घरी एक आहेच, दोन काय करायच्यात. आईच्या कपाटात ती कॅसेट ठेवायला नकोच वाटत होतं. का ते विचारू नकोस. साखरपुडा पावणेदोन तासांचा, सिनेमा सव्वा तासाचा आणि वर थोडा, हे डोक्यातच आलं नाही. म्हणजे तू आपली पंगत पाहिलीस तर! बुंदी वाढताना तू चांगला दिसतोस लेका. आणि मामांचा तो नवा फेटा!

आंटींना काही बोलू नकोस. म्हाताऱ्या माणसाला कुठं कळतंय.

आता तू म्हणतोस तर लिहितो, पण वाचून फाडून टाक. हौसरावांनी भाद्रपदातच माझ्याकडं शब्द टाकला. सुषमा त्यांची पुतणी, बाप नसलेली, त्यांनीच वाढवलेली. शिरूरचं केबलचं सगळं काम मी बघायचं. मी आईला सांगितलं, आई दोन दिवस जेवली नाही, मग म्हणाली, दादाला विचार. मामा तर ऐकूनच घेईनात. पण तुझं कुरकुंभच्या कारखान्यातलं कायमचं काम हौसरावांच्या मेहुण्याच्या हातात आहे हे कळल्यावर तयार झाले. तुझं तुला माहीत आहे. सहा वर्षं ठेकेदाराकडं ॲसिडच्या टाक्या धुतोयस, तुला तरी कुणी दोष द्यावा?

सुषमा तशी सरळ आहे. दसऱ्याला स्वैपाकघराच्या दारात तिनं तुला थेटच विचारलं होतं ना, "तुमची बहीण ह्यांना दिल्याली, आसं लोक बोलत्यात. खरं काय?" तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात असंच काही निघालं होतं, म्हणून तिनं देवाची शपथ घालून विचारलं. तू म्हणालास, "प्रतिभानं सोताच न्हाई म्हटलंय, तिचं मांडवगणला ठरलंय." ते तू चांगलं निभावलंस. मी तर घामाघूम झालो होतो.

प्रतिभाचं ठरलंय तसंच. तुळशीच्या लग्नानंतर निमोण्याच्या बिरोबाला कौल लावायचा, तिला समोर बसवून. मामा फुलं लावतील. उजव्या फुलाला गुळाचा हात लावला की ते पडत नाही, डावंच पडतं. देवानंच नको म्हटलं, की ती कुणावर रागावणार? आपल्यापैकी कुणाच्याच माथी येत नाही. लग्न वीस डिसेंबरला. तिला कौलानंतर महिन्यानं सांगू.

माझ्या मनात काही नाही असं समजू नकोस. पण चार वर्षांत तिनं मला एक ओळ लिहिली नाही. माणसानं कशावर थांबायचं?

सहा सिनेमे पाठव. चॅनेल चार डिसेंबरच्या शुक्रवारी सुरू होतोय.

तुझा,
शंभू


शिरूर,
१३ नोव्हेंबर १९९८

प्रिय बिरदेव,

तीन आठवडे पत्र नाही. कौलाचं काम नीट पार पडल्याचं मामांकडून कळलं. प्रतिभा म्हणे फुलाकडं बघत बसली आणि मग सगळ्यांना चहा केला. समजूतदार आहे.

फोनवर तू "बघतो, बघतो" म्हणतोस, पण कॅसेटी येत नाहीत. तुझ्या चिठ्ठ्या हौसरावांनी छापून घेतल्यात, नाव माझं घातलंय. चॅनेलवर एकच नाव बरं दिसतं. तुला चालेल, असं मी गृहीत धरलं. पहिल्या शुक्रवारी 'पाहुणा'च लावायचा आहे. माझी कॉपी वापरून वापरून झिजली, चित्र हलतं. तुझ्याकडची कॅसेट परत पाठव. शेवटचा तो भाग मी पुसून घेतो.

शंभू


दौंड,
२ डिसेंबर १९९८, बुधवार

श्री. शंभू यांस,

हे पत्र प्रतिभाचं आहे. आधीचीही सगळी माझीच होती.

बिरदेवदादाला काळोखाचा सिनेमा पाच मिनिटं बघवत नाही. 'टोपवाला' लावला तेव्हा तो बाहेर जाऊन सायकल पुसत बसला होता. पत्रं लिहायचा त्याला कंटाळा, आणि पाळीवरून आल्यावर हाताची आग व्हायची. मी म्हटलं, मी लिहिते, तू सही कर. पुढं सहीही मीच करू लागले. ठरलेल्या मुलीनं ठरलेल्या माणसाला पत्र लिहिणं आपल्याकडं बरं दिसत नाही, आणि भुताचे सिनेमे बघणारी मुलगी तर त्याहून नाही. म्हणून भावाचं नाव घेतलं आणि तुम्हाला अरे-तुरे केलं. तेवढी मौज मला फार वाटायची. आता तुम्ही.

तुम्ही लिहिलंत, चार वर्षांत तिनं मला एक ओळ लिहिली नाही. तुमच्या कप्प्यातली प्रत्येक ओळ माझी आहे. सावळाराम आडत्यांची दाढी माझ्यामुळं वाढली. हौसरावांनी उभ्यानं वाचली ती चिठ्ठी माझी. ती वाचूनच त्यांना तुम्ही कामाचे वाटलात आणि त्यांनी पुतणी देऊ केली. हे मी महिनाभर मनात उलटसुलट करून पाहिलं. दुसरा अर्थ लागतच नाही.

दसऱ्याला दादा सांगून गेला होता, सुट्टीमुळं माणसं कमी आहेत, डबल ड्यूटी आहे. मी त्याला डब्यात पुरणपोळ्या दिल्या होत्या. पंधरा दिवसांनी आंटींच्या खोलीत बसून मी त्याला पंगतीत बुंदी वाढताना पाहिलं. आबा फेटा बांधून बसले होते. तुमच्या आईच्या, कुशाआत्यांच्या, ताटातलं काही हललं नव्हतं, तेवढं मला बरं वाटलं. आंटींना दिसत कमी असलं तरी ऐकू नीट येतं. त्या म्हणाल्या, "बेबी, ये तो बँड का आवाज है. पिक्चर में बँड नहीं था." तुम्ही लिहिलंत की म्हाताऱ्या माणसाला कुठं कळतंय. त्यांना पहिल्या मिनिटाला कळलं होतं की ही गार्डसाहेबांची कॅसेट नाही. तिचा आवाज वेगळा होता म्हणाल्या.

तेव्हा मी तुम्हाला खोटं लिहिलं, की प्रतिभा निमोण्याला गेली आहे. मी इथंच होते. भावाचं नाव घेतलं ते सोडलं तर माझ्याकडून झालेलं खोटं त्या एका पत्रातलंच, आणि त्याची मला लाज वाटते. पण त्याशिवाय तुम्ही खरं लिहिलं नसतंत.

कौलाला मी बसले. पुढं काय होणार हे तुमच्याच अक्षरात वाचून बसले होते, तरी शेवटच्या क्षणापर्यंत वाटत होतं की आबांचा हात थांबेल. आबांनी फुलं लावली. त्यांची बोटं चिकट होती, धोतराला पुसली. डावं फूल पडलं. दादा म्हणाला, "देवाच्या मनात न्हाई, आक्का." त्यानं मला कधी आक्का म्हटलेलं नाही. मी उजव्या फुलाकडं बघत होते. त्याच्यावर मुंग्या चढायला लागल्या होत्या. आबांनाही त्या दिसल्या आणि मी बघतेय हेही दिसलं. मग मी उठून चहा केला. समजूतदार म्हणून नाही. हातांना काहीतरी काम हवं होतं.

तुम्ही सोडलंत, ते मी एक वेळ समजून घेतलं असतं. माणसाचं मन फिरतं, धंदा असतो. सरळ एक पोस्टकार्ड टाकलं असतंत, तर मी मांडवगणच्या मास्तरांना नाही म्हटलं नसतं आणि तुम्हाला दोषही दिला नसता. पण तुम्ही सगळ्यांनी मिळून ते देवावर टाकलंत. मी जन्मभर बिरोबावर रुसून राहावं आणि तुम्ही चौघांनी नैवेद्य दाखवावा, अशी ती व्यवस्था होती.

चिंचेखालून जाताना मी तुमचा शर्ट धरायचे, ते भीतीनं नव्हे. भीती तुम्हाला वाटायची. तुम्ही पळून जाल म्हणून धरायचे.

आता सिनेमांचं. सहा सिनेमे येणार नाहीत. आंटींनी पेटी माझ्या नावानं करून दिली आहे. रविवारी दुपारी चार वाजता त्यांच्या खोलीत आम्ही सात-आठ बायका बसतो. कॉलनीतल्या दोघी, बाजारातल्या गिताबाई, नर्सबाई, आणखी काही जणी. मागच्या रविवारी 'कंदीलवाली' लावला होता. त्यात एक बाई बर्फातून कंदील घेऊन चालते, चाळीस मिनिटं एक शब्द नाही. एकही उठली नाही. शेवटी गिताबाई म्हणाल्या, "भूत कसलं गं, हिच्या घरची मान्सं बग की जरा." बायकांना झीट येत नाही. त्या असल्या घरात राहूनच आलेल्या असतात.

दादाला हे पत्र इथपर्यंत आज दुपारी वाचून दाखवलं. आजवर माझं एकही पत्र त्यानं पूर्ण ऐकलं नव्हतं, हे ऐकलं. पूर्ण होईपर्यंत ताटातल्या भाकरीचा एक तुकडा त्यानं हातात धरला होता. मग म्हणाला, "मी सही करू का?" मी म्हटलं, माझी सही मी करते. कायमचं पत्र त्याच्या खिशात आहे, आठ दिवस झाले. त्यानं ते मला दाखवलेलं नाही आणि पेढेही आणलेले नाहीत. त्याच्याशी माझं काय व्हायचं ते इथं, याच घरात होईल. ते तुमच्या ऐकण्यासाठी नाही.

सुषमाबद्दल मात्र तुम्हाला सांगायला हवं. तिनं देवाची शपथ घालून एक प्रश्न विचारला होता. तिला दिलेलं उत्तर माझ्या नावानं दिलं गेलं, माझ्या भावाच्या तोंडून. मी स्वतः नाही म्हटलं, असं. माझ्या नावानं दिलेलं उत्तर दुरुस्त करणं माझ्याकडं लागतं. तिचं लग्न मोडावं म्हणून नाही. हे सगळं वाचूनही तिला तुमच्याशी लग्न करायचं असेल तर तिनं करावं. तिला कळून तरी करता येईल. मला तेवढंही मिळालं नाही.

म्हणून उद्या गुरुवारी सकाळी आठच्या गाडीनं दोन पुडकी निघतील. एकात तुमची चारही पत्रं आहेत, मी एकही फाडलं नाही. शिवाय 'पाहुणा'ची ती कॅसेट, आणि वर माझी चिठ्ठी, नेहमीसारखी. ज्यांना थांबता येतं त्यांच्यासाठी. पाटी आली म्हणून उठू नये. हे पुडकं न्हावऱ्याला उतरेल. मच्छिंद्रमामा स्वतः म्हणाले आहेत, "पोरीच्याच हातात देतो, चुलत्याच्या न्हाई." त्यांनी आजवर माझी एक कॅसेट चुकवलेली नाही.

दुसरं पुडकं म्हणजे हे पत्र. गाडी न्हावऱ्याला पावणेदहाला पोचते, शिरूरला त्यानंतर अर्ध्या तासानं. तुम्ही ही ओळ वाचत असाल तेव्हा तिनं पुडकं सोडलेलं असेल. तुमच्या हाताशी फोन आहे, पण काय बोलायचं ते ठरेपर्यंत ती तेवीस ऑक्टोबरच्या पत्रापर्यंत पोचलेली असेल.

कुठं भीती आहे हे मी प्रत्येक वेळी आधी सांगत आले, म्हणून तुम्हालाही सांगते. ती उद्या संध्याकाळी येईल, सुषमाच्या घरी सिनेमा संपल्यावर, बँडचा आवाज सुरू होईल तिथं. ज्यांना झेपत नाही त्यांनी डोळे मिटावेत.

परवा शुक्रवारी शिरूरच्या केबलवर काय लागतं, का काहीच लागत नाही, ते मला सावळाराम आडत्यांकडून कळेल. पुढच्या आठवड्यात ते कांद्याचा ट्रक घेऊन दौंडला यायचे आहेत, आणि या चिठ्ठ्या कोणाच्या हे मी मच्छिंद्रमामांच्या हाती त्यांना कळवलं आहे.

प्रतिभा